बोरखेडीचा दगडी शनिवार

ज्वालामुखी पाहायला मी जालन्याला जाऊन आलो, असं सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग माझ्या बायकोकडे. ‘वहिनी, यांना बरं आहे ना?’ असा प्रश्न त्या नजरेत असतो. ती बिचारी चहा आणायच्या निमित्ताने आत जाते.

पण मी खोटं बोलत नाही. पुण्यातल्या एका कॉलेजात मी चौदा वर्षं भूगर्भशास्त्र शिकवतो आहे. ज्वालामुखीचा धडा आला की फळ्यावर डोंगर काढायचा, लाल खडूने ज्वाळा, पांढऱ्याने धूर. पोरं खूश होतात. जिवंत ज्वालामुखी मात्र मी जन्मात पाहिलेला नाही आणि पाहीन असं पगाराकडे बघून वाटत नाही. राहता राहिला मेलेला ज्वालामुखी. तो तर आपल्या पायाखालीच आहे. सह्याद्रीपासून पार मराठवाड्यापलीकडे सगळा मुलूख म्हणजे थिजलेला लाव्हा. एका थरावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा.

माझा वसतिगृहातला जोडीदार माधव जालन्याला शाळामास्तर आहे. सत्तावन्न सालच्या पौषात त्याचं पत्र आलं. ‘बदनापूरजवळ बोरखेडीला आमच्या आबाच्या शेतात विहीर चालू आहे. वीस हात खोल गेली. इतका ताजा फोडलेला दगड तुला पुण्यात कोण दाखवणार? ये. आणि आलास की पाणी लागेल का तेवढं सांग.’ शेवटच्या वाक्याकडे मी फारसं लक्ष दिलं नाही. दगड पाहायला मिळणार, याच आनंदात मी हातोडी पिशवीत घातली.

जालना, शुक्रवार

मनमाडला गाडी बदलून लहान रुळांच्या गाडीने जालन्याला पोचलो. त्या प्रवासाबद्दल एवढंच सांगतो की माझ्या मांडीवर एका बाईंचं बोचकं होतं, आणि त्या बोचक्यात कोंबडी आहे हे मला औरंगाबाद गेल्यावर कळलं.

टांगेवाल्याने माझा पुणेरी कोट पाहिला आणि स्वतःच ठरवून टाकलं, “जांबला जाऊन राह्यले ना साब? समर्थांच्या दर्शनाला?”

“नाही. दगड पाहायला आलोय.”

त्याने घोडा हाकायचा थांबवला. “पुण्यातले खतम झाले का?”

जुन्या जालन्यात माधवच्या घरी जायचं म्हणजे धान्याच्या पोत्यांमधून वाट काढायची. एकीकडे ज्वारीची थप्पी, दुसरीकडे कापडाचे तागे, मध्ये आपण आणि आपल्याला खेटून एक गाय. पुण्यात दुकानदार गिऱ्हाइकाकडे ‘हा कशाला आला’ अशा नजरेने पाहतो. इथे ज्याच्याकडून काहीही घ्यायचं नव्हतं त्यानेही मला बसवून बशीतून चहा पाजला.

संध्याकाळी माधव मला गोळी सोड्याच्या दुकानी घेऊन गेला. माझ्यातला मास्तर तिथे जागा झाला. बाटली उजेडात धरून मी म्हणालो, “बघ, आत एकही बुडबुडा दिसत नाही. वायू पाण्यात मुरून बसलाय, कारण वरून दाब आहे. आता गोळी दाब.” त्याने अंगठ्याने गोळी आत ढकलली. फस्स झालं आणि सगळ्या बाटलीभर बुडबुडे उठले. “दाब सुटला की मुरलेला वायू बाहेर येतो. जमिनीखालच्या वितळलेल्या खडकाचं असंच आहे. खोल असतो तोवर त्यातला वायू गप्प. खडक वर येऊ लागला, दाब कमी झाला, की बुडबुडे धरतात. ते फुगतात, रस हलका होतो, आणखी जोराने वर येतो. ज्वालामुखीला ढकलणारा गडी तो. आग नव्हे, बुडबुडा!”

दुकानदाराने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मंग आमच्या दुकानात शंभर ज्वालामुखी हाईत म्हना की.”

माधवने गावासाठी त्यातले सहा ज्वालामुखी बांधून घेतले.

बोरखेडी, शनिवार

सकाळच्या गाडीने बदनापूर. स्टेशनाबाहेर माधवचे थोरले भाऊ आबाराव छकडा घेऊन उभे होते. धिप्पाड माणूस, बोलणं मोजकं, आणि पाहुण्यासाठी म्हणून डोक्याला कडक इस्त्रीचा पांढरा रुमाल गुंडाळलेला. सोड्याच्या बाटल्या कडब्यात ठेवल्या आणि निघालो. तीन कोस वाट. दोन्ही बाजूंना शाळू डोक्याएवढा उभा. क्षितिजावरच्या टेकड्या सपाट माथ्याच्या आणि पायऱ्या पायऱ्यांच्या. मी आबारावांना सांगितलं, की एकेक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एकेक लोंढा. ते म्हणाले, “आसंल.” पुढच्या कोसात एवढाच संवाद झाला.

वाटेत उतरून हुरडा खाल्ला. गोवऱ्यांच्या आरात भाजलेली कणसं, हातावर चोळून गरम गरम दाणे, वर लसणाची चटणी आणि गूळ. पुण्याला पाहुण्याला पोह्यांची बशी येते आणि ती संपली की संपली. इथे ओंजळ रिकामी झालेली दिसली की तोच गुन्हा.

माधवच्या घरचे लोक गावात न राहता आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरातच राहतात. अंगणात शिरलो तर घराच्या उंबऱ्यापासून थेट विहिरीच्या दिशेने दगडांची एक रांग मांडलेली. चाळीसेक दगड असतील. प्रत्येकाला हळदकुंकू. प्रत्येक मुलखाचे आपापले देव असतात आणि पाहुण्याने त्यांचा मान ठेवावा, असं मी मानतो. मी बूट काढले, रांगेच्या विहिरीकडच्या टोकाशी गेलो, शेवटच्या दगडापाशी चांगलं गुडघे टेकून डोकं ठेवलं. उठलो तेव्हा आबाराव आभाळाकडे पाहत होते आणि त्यांची बायको, कौसावहिनी, तोंडाला पदर लावून आत गेली. माझ्या श्रद्धेने दोघं भारावली असावीत, असा मी अर्थ काढला.

पाय धुवायला वहिनींनी दोन तांबे पाणी ठेवलं होतं. मी ते सबंध ओतलं आणि आणखी एक मागितलं. तोही आला.

मग सोडा. शेजारपाजारचे पाच-सात जण जमले होते, त्यामुळे व्याख्यान झालंच पाहिजे होतं. “आता बघा,” म्हणून मी बाटली उचलली आणि गोळीवर अंगठा दाबला. तीन कोस छकड्यात हिसके खाल्लेली बाटली होती ती. सोडा बाटलीतून निघाला तो सरळ आबारावांच्या रुमालावर. तिथून भुवया, मिशा, सदरा. आबाराव मिशा पुसत म्हणाले, “ज्वालामुखी बराबर समजला, मास्तर.” मग जो हशा उठला त्यात माझं शास्त्र सगळ्यांच्या कायमचं लक्षात राहिलं. बाकीच्या पाच बाटल्या मला कुणी हाताळू दिल्या नाहीत.

त्यानंतर आम्ही विहिरीवर गेलो. आता जे सांगायचं ते सांगायला जड जातं, पण सांगतो.

काठावरून डोकावलो. वीस हातांवर काळा कुळकुळीत पाषाण आणि त्यावर पहार घेतलेली चार माणसं. खाली जायचं तर चाकावरच्या दोराला बांधलेल्या टोपल्यात बसून. टोपलं हलत होतं, दोर कुरकुरत होता. मी मनात माझं वजन आठवलं आणि काठावरूनच शास्त्र चालवलं.

विहीर खणणाऱ्या वडारांचा म्होरक्या यल्लप्पा वर आला होता. चाळिशीचा, दगडासारखाच काळा आणि टणक. मी त्याला विचारलं, “हा काळा दगड किती दिवस लागतोय?”

“महिना झाला, साब.”

“पाझर?”

“बिलकुल न्हाई.”

मी मान हलवली. डॉक्टर हलवतात तशी. “हा लोंढ्याच्या पोटातला दगड. थिजायच्या आत यातले बुडबुडे वर निघून गेले, म्हणून भरीव. पाणी राहायला यात जागाच नाही. आणखी किती खोल असेल, देव जाणे. माझं मत विचाराल तर थांबावं.”

आबारावांनी एकदम खांदे सैल सोडले. महिनाभर जे ते स्वतः ठरवू शकत नव्हते ते दुसऱ्या कुणी ठरवलं होतं. “मंग बंदच करावं म्हन्ता,” ते म्हणाले. यल्लप्पा काहीतरी वेगळंच बोलणार होता, ते त्याने गिळलं आणि म्हणाला, “साब बोलले तर बराबर. सोमवारी आमी हलतो.” त्याला पलीकडच्या गावाहून बोलावणं होतंच.

जेवायला पिठलं-भाकरी होती. चुलीवरचं घट्ट पिठलं फट्‌फट् उडत होतं आणि वाढताना वहिनींच्या मनगटाला चटका बसला. मी लगेच ओरडलो, “हाच तो फरक! पाणी उकळताना बुडबुडा सहज सुटतो, पिठलं त्याला धरून ठेवतं. मग तो फुटतो तेव्हा उडवतोच. घट्ट रसाचे ज्वालामुखी असे फुटतात. आपल्याकडचा रस पातळ होता, म्हणून तो शहाण्यासारखा पसरत गेला.” एरवी या दाखल्यावर वर्ग हसतो. वहिनी हसल्या नाहीत. माधवनेही ताटातून मान वर केली नाही.

दुपारी त्या डोक्यावर घागर, काखेत कळशी घेऊन निघालेल्या दिसल्या. ऊन कलताना पुन्हा निघाल्या. मी माधवला विचारलं, कुठे जातात?

“ओढ्यात. वाळूत झिरा काढलाय, त्यातनं वाटीवाटीने भरायचं. अर्धा कोस आहे. लग्न होऊन आली तेव्हापासून, सोळा वर्षं. विहीर तिच्या हट्टाने सुरू झाली. आबा कधीचा थांबवायचं म्हणत होता, तीच रोज म्हणायची, आजचा दिवस खणू द्या.”

मी पायावर ओतलेले तीन तांबे मला तेव्हा आठवले. पुण्यात नळ गेला की मी म्युनिसिपालटीच्या नावाने खडे फोडतो. मला फार लाज वाटली. पण दगड काळा होता हे तर खरं होतं, आणि लाजेने दगड मऊ होत नाही.

बोरखेडी, रविवार

सकाळी न्याहारीला ज्वारीच्या पिठाची धिरडी. मी चुलीशेजारी पाटावर, वहिनी तव्याशी. त्यांनी पीठ ओतलं, चर्र झालं, वर जाळी पडली. पहिलं धिरडं ताटात आलं ते मी मधोमध फाडलं आणि हात तिथेच थांबला. फाडलेल्या कडेला भोकं गोल नव्हती. तळापासून वर उभ्या बारीक नळ्या गेल्या होत्या.

“वहिनी, ही भोकं अशी उभी का?”

“तवा तापलेला, पीठ खालून शिजत येतं,” त्या म्हणाल्या. “बुडबुडा वर निघून राह्यला, आन भवतालचं पीठ तवर आळलं. मंग त्याची वाटच राह्यती.”

“लाव्ह्याच्या लोंढ्याच्या अगदी तळाला अशाच नळ्या पडतात,” मी घास विसरून म्हणालो. “तिथे खालची जमीन गार असते, ती रस खालून थिजवत येते. बुडबुड्याला सुटायला सवड नसते, तो नळीसारखा लांबत जातो. पुस्तकात चित्र आहे. मी स्वतः फार पाहिल्या नाहीत.”

वहिनींनी दुसरं धिरडं उलटलं. “कालच्या दगडाला बी अशाच नळ्या हाईत की.”

“कुठल्या दगडाला?”

“तुमी पाया पडले की त्याच्या.”

त्यांनी पुन्हा पदर तोंडाला लावला, पण आता हसू आवरत नव्हतं. “देव न्हाईत ते, भाऊजी. विहिरीचे दिवस हाईत. रोज पहिला दगड वर आला की मी त्याला कुंकू लावते आन रांगेत मांडते. बाईमाणसाला खाली उतरू देत न्हाईत. मंग मी म्हनलं, मी न्हाई तर विहीर वर येऊ द्या, रोज एक दगड. उंबऱ्यापासून सुरू केलं. रांग विहिरीच्या काठाला भिडंल तवा पाणी लागंल, असं आपलं मनाशी धरलं.”

मी खरकट्या हाताने अंगणात धावलो.

उंबऱ्यापाशी मुरमाची ढेकळं. मग फेसाळ दगड, गोल गोल भोकांचे, काही भोकांत पांढरे चकचकीत खडे भरलेले. वर आलेले बुडबुडे सायीखाली अडकतात तसे लोंढ्याच्या माथ्याशी अडकलेले. मग काळा, काळा, काळा, जवळजवळ तीस दिवस. आणि शेवटचा, शनिवारचा, ज्याच्यावर मी काल कपाळ टेकलं होतं. कुंकवाच्या बोटाखाली पेन्सिलीएवढ्या जाडीच्या आठ-दहा नळ्या, शेजारी शेजारी उभ्या. सबंध लोंढा माथ्यापासून तळापर्यंत उंबऱ्यापासून ओळीने मांडलेला होता. चौदा वर्षं जो मी खडूने काढत आलो तो या बाईने दगडांनी मांडला होता, आणि मी त्याच्या पाया पडून आत जेवायला गेलो होतो.

रांग आणि काठ यांच्यामध्ये दोन-तीन दगडांचीच जागा उरली होती.

आबाराव गोठ्यात होते. मी त्यांना म्हणालो, “आबा, मी चुकलो. काल काठावरून बोललो, दगड हातात न घेता बोललो. विहीर बंद करू नका.”

“काल येक, आज येक?” ते म्हणाले. रागाने नाही, पण काल सैल सोडलेले खांदे पुन्हा ताठ झाले.

“मी खाली उतरून सांगतो.”

टोपल्यात बसलो. दोर कुरकुरला, मी डोळे मिटले, आणि जी काही स्तोत्रं येत होती ती एकात एक मिसळून म्हटली. खाली यल्लप्पा होता, हत्यारं गोळा करत. मी तळाच्या कडेला बोटं फिरवली. नळ्या होत्या, ठिकठिकाणी होत्या, सगळ्या उभ्या.

“यल्लप्पा, या नळ्यांच्या खाली काय येतं?”

“लाल माती, साब. तिच्याखाली पुन्हा फेसाचा दगड. कदी त्यात पाणी ऱ्हातं, कदी न्हाई.”

“तुला माहीत होतं? मग काल बोलला का नाहीस?”

तो घणाच्या दांड्याकडे बघत म्हणाला, “नळ्या कालच आल्त्या. सांगणारच व्हतो. तेवढ्यात तुमी बंद म्हनले. शिकलेला मानूस बोलला, मंग आमी कशाला तोंड उघडावं?”

मी एवढंच म्हणालो, “पुन्हा असा शिकलेला माणूस भेटला तर त्याचं ऐकू नकोस. दोन दिवस थांबशील?”

तो वर बघून हसला. “वैनी म्हनल्या तर थांबतो.”

वहिनी काठावर उभ्या होत्या. त्या म्हणाल्याच.

सोमवार, मंगळवार

रविवारी दुपारी सुरुंगाचे चार बार उडाले. सोमवारी काळा दगड संपला आणि तांबडी माती लागली, विटेच्या भुग्यासारखी. कोरडी ठाक. आबाराव मूठभर माती हातावर घेऊन माझ्याकडे बघत राहिले. मी सांगितलं, की एक लोंढा थिजल्यावर दुसरा यायच्या आत मध्ये बराच काळ गेला असेल, तेव्हाची ही जुनी जमीन असावी, वरच्या लोंढ्याने भाजून निघालेली. ते म्हणाले, “आसंल.” या वेळी तो शब्द मला फार लांब वाटला. हिच्याखालचा फेसाचा दगड भोकाभोकांचा असणार होता, पण त्या भोकांना एकमेकांकडे वाट असेल, त्यांत पाणी साठलं असेल, हे कुठल्याही पुस्तकाने मला लिहून दिलेलं नव्हतं. वहिनींनी सोमवारचं तांबडं ढेकूळ रांगेत ठेवलं. आता एकाच दगडाची जागा राहिली.

मंगळवारी ऊन वर आल्यावर खालून पहारेचा आवाज बदलला. खणखण थांबली, खसखस ऐकू येऊ लागली. मग यल्लप्पाची हाक आली, “वैनी, दगड पाठवून राह्यलो!”

टोपलं वर आलं. त्यात एक मऊ, भुरकट, भोकाभोकांचा दगड होता, आणि तो ओला होता. वहिनींनी तो दोन्ही हातांनी उचलला. कुंकवाचं बोट लावलं तर कुंकू ओघळलं. पुन्हा लावलं, पुन्हा ओघळलं. तशा ओघळत्या कुंकवानेच त्यांनी तो काठावर शेवटच्या जागी ठेवला, त्याच्या शेजारी बसल्या आणि मोकळेपणाने रडल्या. आबारावांनी रुमाल सोडून चेहरा पुसला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी लपवलं नाही.

दुपारपर्यंत खाली घोट्याएवढं पाणी होतं. गढूळ होतं, पण पहिली घागर निवळून झाल्यावर वहिनी तांब्या घेऊन माझ्याकडे आल्या. “पाय फुडं करा, भाऊजी,” म्हणाल्या आणि ओतू लागल्या. एक तांब्या, दुसरा, तिसरा, चौथा. “आता ओता कितीबी.”

परत

बुधवारी निघताना छकड्यात हुरड्याचं गाठोडं आलं, लसणाच्या चटणीची पुरचुंडी आली, आणि फडक्यात बांधलेलं काहीतरी जड. सोडून पाहिलं तर तोच नळ्यांचा दगड, कुंकवासकट.

“अहो वहिनी, रांग मोडेल.”

“मोडू द्या. पाणी लागलं, आता रांग कशाला?” मग डोळे मिचकावून म्हणाल्या, “ह्यो तुमचा शनवार हाये. तुमचा तुमी घिऊन जा.”

आबारावांनी बैल हाकले. या वेळी पहिल्या कोसातच ते आपणहून बोलले, “मास्तर, टेकडीच्या पायऱ्यांचं काय म्हनले व्हते, पुन्हा सांगा बरं.”

तो दगड आता कॉलेजात माझ्या टेबलावर असतो. कुंकू मी पुसलेलं नाही. ज्वालामुखीचा धडा आला की मी खडू हातात घ्यायच्या आधी तो वर्गात फिरवतो, आणि दर वर्षी कुणीतरी विचारतं, “सर, हा कुठला देव?”

“देव नाही,” मी सांगतो, “शनिवार आहे. मी याच्या पाया पडलो होतो, पण याच्याकडे पाहिलं नव्हतं.”